हाँगकाँगला निघालेली पलटण: सिंगापूर, 15 फेब्रुवारी 1915

लोकांना आधी फटाकेच वाटले. साहजिक आहे, चिनी नववर्षाचा दुसरा दिवस, सोमवार, शहराला सुट्टी, दुकानं बंद, साहेबलोक जेवून जरा लवंडलेले, आणि तेवढ्यात पश्चिमेकडून कुठूनतरी फट् फट् असा आवाज. कोण लक्ष देणार? मग थोड्या वेळाने पासिर पांजांगच्या रस्त्याने हवा खायला निघालेल्या काही गोऱ्यांना समोरून खाकीतले हिंदी शिपाई येताना दिसले, रोज पहाऱ्यावर दिसणारे, आपल्याच पलटणीचे, आणि त्या शिपायांनी बंदुका रोखल्या.

1915 च्या सिंगापूरच्या बंडाची ही सुरुवात. आपल्याकडे हे प्रकरण फार कुणाला माहीत नसतं. 1857 माहीत असतं, 1946 चं मुंबईचं नौसैनिकांचं बंड माहीत असतं, मधलं हे पार गळून गेलंय. मलाही माहीत नव्हतं. मागे आतेभावाकडे सिंगापूरला गेलो होतो, त्याच्या सासऱ्यांना आउट्रमच्या मोठ्या हॉस्पिटलात ठेवलं होतं म्हणून रोज तिकडे चक्कर व्हायची, तर तिथल्या एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याने सहज सांगितलं की या भागाला जुने लोक 'सिपॉय लाइन्स' म्हणतात. शिपायांची वस्ती, इथे? घरी येऊन वाचायला बसलो आणि मग महिनाभर दुसरं काही वाचलंच नाही म्हणा ना.

तर हे प्रकरण नीट उलगडून बघू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पटलं नाही तर भांडायला सोपं. याला कुणी स्वातंत्र्याचा उठाव म्हणतं, कुणी अफवेतून झालेला गोंधळ म्हणतं, कुणी जर्मनांचं कारस्थान. तिन्हीत थोडं थोडं तथ्य आहे. पण मुळात ही गोष्ट आहे एका पलटणीची जिला आपण कुठे चाललोय हे सांगितलं गेलं होतं आणि तरी तिचा त्यावर विश्वास बसला नाही. असा विश्वास उडावा अशी वेळ का आली, प्रकरणाची खरी गंमत तिथे आहे.

बंदर राखायचं कसं

सिंगापूर म्हणजे तेव्हा स्ट्रेट्स सेटलमेंट्सची राजधानी. पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर मिळून ही वसाहत, आणि 1867 पर्यंत तिचा कारभार थेट कलकत्त्याहून चालायचा. म्हणजे हिंदुस्थानचंच एक लांबचं परसदार. 1819 मध्ये रॅफल्स तिथे उतरला तेव्हा बरोबर बंगालचे शिपाई होतेच. एडनचंही तसंच, ते 1839 मध्ये मुंबईहून गेलेल्या फौजेने घेतलं आणि पुढे जवळपास शंभर वर्षं ते मुंबईच्या खात्यात राहिलं. एडन घ्या, पिनांग घ्या, हाँगकाँग घ्या, समुद्रावर इंग्रजांची जहाजं असतील पण किनाऱ्यावर बंदूक खांद्याला लावून उभा असलेला माणूस बऱ्याचदा आपला असायचा. पंजाबी, पठाण, मद्रासी, कधी मराठा. तो स्वस्त पडायचा, महिना 11 रुपये, आणि हुकूम आला की गाठोडं बांधून दुसऱ्या बंदराला जायचा.

शांततेच्या काळात हे बरं चालायचं कारण शेजारी एखादी गोरी पलटणही असायची. देशी पलटण शहर राखणार आणि गोरी पलटण देशी पलटणीवर नजर ठेवणार, 57 नंतरचा हा साहेबाचा धडा. 1914 मध्ये युरोपात लढाई पेटली आणि नेमकी हीच घडी विस्कटली. सिंगापूरची गोरी पलटण, किंग्ज ओन यॉर्कशायर लाइट इन्फंट्री, फ्रान्सला हलवली आणि तिच्या जागी ऑक्टोबर 1914 मध्ये बुंदेलखंडातल्या नौगावहून 5 वी लाइट इन्फंट्री आणून बसवली. साधारण आठशे माणसं. आता शहराच्या भरवशाला नियमित फौज म्हणाल तर ही एक पलटण, किनाऱ्यावरच्या तोफखान्यातले मूठभर गोरे, बाकी सगळे हौशी व्हॉलंटियर, म्हणजे बँकेतले कारकून, रबराच्या मळ्यातले मॅनेजर वगैरे, जे रविवारी कवायत करायचे. तीन लाखांच्या आसपास वस्तीचं शहर, साम्राज्याचं इतकं मोठं बंदर, आणि पहारा असा.

पलटण कशी होती

5 वी लाइट इन्फंट्री जुनी पलटण, 1803 ची. इंग्रजांशी इमानी पलटण म्हणून तिचा लौकिक. 1915 मध्ये ती सगळीच्या सगळी मुसलमान होती, अर्ध्या कंपन्या रांघडांच्या (रोहतक-हिसार बाजूचे मुसलमान राजपूत) आणि बाकीच्या मुख्यत्वे पठाणांच्या. बंड केलं ते रांघडांच्या चार कंपन्यांनी. पठाण बहुतेक बाहेर राहिले, घाबरून इकडेतिकडे पांगले.

आणि आतून पलटण पोखरलेली होती. कर्नल मार्टिन हा याच पलटणीतून वर चढून कमांडर झालेला, आणि हाताखालच्या गोऱ्या ऑफिसरांचं त्याच्याशी पटत नव्हतं. उघड दोन तट पडले होते. साहेबांत तट पडले की सुभेदार-जमादारांतही पडतात, कोण कुठल्या साहेबाचा माणूस यावरून, आणि मग बढतीचा साधा विषयसुद्धा पेटतो. एका कलर हवालदाराला जमादार करायचं की नाही यावरून रांघडांमध्ये बरीच धुसफूस चालली होती. त्यात रेशनमधल्या मटण-दुधाच्या कुरबुरी. ज्याने कुठल्याही सरकारी ऑफिसात दोन वर्षं काढलीत त्याला हे चित्र समजावून सांगायची गरज नाही, वरच्या केबिनमधलं भांडण शिपायाच्या स्टुलापर्यंत कसं पोचतं ते त्याला पाठ असतं. फरक एवढाच की इथे स्टुलावरच्या शिपायाकडे भरलेली बंदूक होती.

कानावर काय पडत होतं

नोव्हेंबर 1914 मध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने लढाईत उतरलं आणि सुलतानाने, जो खलिफाही होता, इंग्रजांविरुद्ध जिहाद पुकारला. आता जगभरच्या मुसलमान शिपायांपुढे प्रश्न, खाल्ल्या मिठाला जागायचं की खलिफाच्या हुकमाला. सिंगापुरात कंपोंग जावाच्या मशिदीत एक मौलवी, नूर आलम शाह, इंग्रजांविरुद्ध बोलायचा आणि पलटणीतली माणसं तिथे जायची. पलटण राहायची त्या अलेक्झांड्रा बराकीजवळच पासिर पांजांगला कासिम मन्सूर नावाचा एक गुजराती मुसलमान व्यापारी राहायचा, शिपायांचं त्याच्याकडे येणंजाणं असायचं. त्याने डिसेंबरच्या शेवटी रंगूनला मुलाला पत्र लिहिलं आणि आत तुर्की वकिलासाठी दुसरं पत्र घातलं, की इथली मलाय स्टेट्स गाइड्सची फौज फुटायला तयार आहे, एक लढाऊ जहाज पाठवा. पत्र वाटेत पकडलं गेलं. कासिमला जानेवारीत अटक झाली आणि पुढे राजद्रोहाखाली फाशी.

गाइड्स म्हणजे मलाया संस्थानांसाठी भरती केलेली शीख-पंजाबी-पठाणांची फौज. डिसेंबर 1914 मध्ये त्यांना पूर्व आफ्रिकेला जायला सांगितलं तर ते नाही म्हणाले. आमची भरती या मुलखापुरती, आम्ही समुद्रापार लढायला जाणार नाही. एका निनावी पत्रात त्यांनी कोमागाटा मारूचंही नाव घेतलं होतं, आमच्या भावांना गोळ्या घातल्या आणि आता आम्हालाच लढायला सांगता म्हणून. कोमागाटा मारू म्हणजे पंजाबी लोकांना कॅनडाला घेऊन गेलेलं ते जहाज, ज्याला व्हँकुव्हरहून परत हाकललं आणि सप्टेंबर 1914 मध्ये कलकत्त्याजवळ बजबजला उतरल्यावर लोकांवर गोळीबार झाला. ही बातमी बंदरोबंदरी फिरली होती. ज्या वाटेने साहेब फौजा फिरवत होता त्याच वाटेने बातम्याही फिरत होत्या, आणि बातम्यांना तिकीट लागत नाही.

तर गाइड्सच्या पायदळाला परत मलायात ताइपिंगला धाडलं. त्यांची खेचरांवरची तोफांची तुकडी मात्र सिंगापुरातच राहिली, 5 व्या पलटणीच्या शेजारी. एका फौजेने जायला नकार दिला आणि तिला काही फार मोठी शिक्षा झाली नाही, हे शेजारच्या पलटणीने बघितलं.

आता माझा आवडता तपशील. बंडाआधी शिपायांनी घरी लिहिलेली काही पत्रं सरकारच्या हाती लागली, त्यातल्या एकात लिहिलंय की जर्मन लोक मुसलमान झालेत, कैसर आता हाजी मेहमूद विल्यम कैसर झालाय, आणि त्याच्या मुलीचं लग्न तुर्कस्तानच्या गादीच्या वारसाशी लागलंय. हसू येतं वाचून. पण जरा थांबून विचार केला तर हसू आटतं. हा माणूस वेडा नाही. त्याला वर्तमानपत्र वाचायला मिळत नाही, त्याचे साहेब आपसात बोलत नाहीत आणि त्याच्याशी तर नाहीच, त्याला फक्त एवढं कळतं की खलिफा आणि जर्मनीचा बादशहा एका बाजूला आहेत. मग त्याचा अर्थ तो त्याच्या गावच्या अकलेने लावतो. दोन घराणी एका बाजूने लढतायत म्हणजे सोयरीक झाली असणार, आणि सोयरीक झाली म्हणजे धर्म बदलला असणार. त्याच्या जगात दुसरं काय कारण असू शकतं?

आणि जर्मन तर समोरच होते. टँगलिनच्या बराकीत 309 जर्मन कैदी ठेवलेले, त्यात एमडन जहाजावरचे खलाशीही. एमडनने सप्टेंबरमध्ये मद्रासवर तोफा डागल्या होत्या, ऑक्टोबरमध्ये पिनांगच्या बंदरात घुसून रशियन जहाज बुडवलं होतं, नोव्हेंबरात कोकोस बेटांपाशी ते संपलं. (तमिळ-मल्याळममध्ये अजून एखाद्या जबरी माणसाला 'एमडन' म्हणतात, एवढी त्या जहाजाची दहशत.) या कैद्यांवर पहारा कोणाचा? 5 व्या पलटणीचा. लाउटरबाख नावाचा एक गुबगुबीत, गोष्टीवेल्हाळ जर्मन ऑफिसर त्यात होता, आणि पहाऱ्यावरच्या शिपायांशी तो गप्पा मारायचा. काय बोलायचा ते त्याचं त्याला माहीत, पण इंग्रज जिंकतायत असं तर नक्कीच सांगत नसणार.

शेवटची परेड

27 जानेवारीला कर्नल मार्टिनने जाहीर केलं की पलटण हाँगकाँगला जाणार, तिथल्या दुसऱ्या हिंदी पलटणीच्या जागी. साधी बदली. लढाई नाही, तुर्क नाहीत, काही नाही. हे खरंच होतं! पण बराकीत कुजबुज सुरू झाली, हाँगकाँग म्हणतात, प्रत्यक्षात युरोपात नेणार, नाहीतर तुर्कांवर घालणार.

15 फेब्रुवारीला सकाळी निरोपाची परेड झाली. जनरल रिडाउट आला, पलटणीचं कौतुक केलं, टर्नआउट छान म्हणाला, उद्या तुम्ही निघताय म्हणाला. आणि कुठे निघताय ते बोललाच नाही. हाँगकाँग हा शब्दच नाही त्या भाषणात. कदाचित लढाईच्या दिवसांत जहाजांच्या हालचाली चारचौघांत बोलायच्या नाहीत म्हणून असेल, कदाचित कर्नलने आधीच सांगितलंय मग परत कशाला म्हणून. पण तुम्ही रांघड शिपाई म्हणून त्या रांगेत उभे राहून बघा. दोन आठवडे कुजबुज ऐकताय, आज सगळ्यात मोठा साहेब समोर आलाय, आणि तो नेमकं तेवढंच गाळून बोलतोय. गाळलेल्या जागी माणूस आपल्या मनातली भीतीच भरतो.

परेड सुटली. दुसऱ्या दिवशी 'नाईल' जहाजावर चढायचं म्हणून बांधाबांध सुरू झाली, जादा दारूगोळा लॉरीत भरून परत करायचा होता. साडेतीनच्या सुमाराला त्या लॉरीपाशीच पहिली गोळी झाडली गेली, आणि मग लॉरीतल्या पेट्या फोडून काडतुसं वाटली गेली. मध्ये पडलेले पलटणीचे दोन गोरे ऑफिसर मारले गेले. शेजारची गाइड्सची तुकडीही यात ओढली गेली, तिचा कॅप्टन मारला गेला, तिच्यातले काही बंडवाल्यांबरोबर गेले आणि बाकीचे पळाले.

संध्याकाळ आणि रात्र

बंडवाल्यांचे तीन गट झाले. शंभरेक जण टँगलिनला गेले, इशारा न देता पहारेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, त्यात दहा ब्रिटिश, शेजारच्या जोहोर संस्थानाच्या सुलतानाचे तीन शिपाई आणि एक जर्मन कैदीही गेला. मग फाटक उघडून त्यांनी जर्मनांपुढे बंदुका धरल्या. घ्या, चला आमच्याबरोबर. हा सगळ्या प्रकरणातला सगळ्यात करुण क्षण मला वाटतो, आणि खरं सांगायचं तर थोडा हास्यास्पदही. जर्मन जाम हादरले. काही खलाशी तयार होते म्हणे, पण बहुतेकांनी बंदुका घ्यायला साफ नकार दिला. हे हिंदी शिपाई, हे गोरे अधिकारी, यात आपण कुठल्या बाजूचे याचं उत्तर त्यांच्या मनात कातडीच्या रंगाने आधीच ठरवलेलं होतं, दुश्मनी वगैरे नंतर. हाजी मेहमूद कैसरच्या माणसांनी सोयरीक ओळखली नाही. पस्तीसेक जर्मन तेवढ्या गोंधळात निसटले, लाउटरबाख त्यांच्यातच, तो डच बेटांवर पोचला आणि मजल दरमजल करत शेवटी जर्मनीला परतला. शिपायांसाठी कुणी काही केलं नाही.

दुसऱ्या गटाने कर्नल मार्टिनच्या बंगल्याला वेढा घातला. आत कर्नल, काही ऑफिसर आणि मलाय स्टेट्स व्हॉलंटियर रायफल्सचे ऐंशीएक लोक, जे योगायोगाने तिथे ट्रेनिंगला आले होते. रात्रभर गोळीबार चालला, सकाळी कुमक पोचली आणि वेढा उठला. तिसरा गट केपेल बंदर आणि पासिर पांजांगकडे गेला, आणि वाटेत जो गोरा दिसेल त्याला मारत गेला. बाई होती एक मेलेल्यांत. चिनी आणि मलाय माणसंही मेली, पण रोख गोऱ्यांवर होता हे उघड आहे. एकूण मृतांचा आकडा चाळीसच्या वर जातो.

आता इथे प्रश्न पडतो, आणि तो मला सोडवत नाही. त्या रात्री शहर उघडं पडलं होतं. चिनी व्हॉलंटियर सणाच्या रजेवर, गोरी पलटण फ्रान्सच्या खंदकात, गव्हर्नर आर्थर यंगने मार्शल लॉ पुकारला पण तो राबवायला माणसं कुठून आणणार, बायकामुलांना घाईघाईने बंदरातल्या जहाजांवर चढवलं जातंय. बंडवाले सरळ शहरात शिरले असते, फोर्ट कॅनिंग किंवा तारघर धरलं असतं तर? गेले नाहीत. अंधार पडल्यावर विस्कटले, काही रबराच्या मळ्यांत, काही जंगलात, काही सामुद्रधुनी ओलांडून जोहोरकडे. ज्यांना राज्य उलथवायचं असतं ते असं करत नाहीत. पण ज्यांना फक्त जहाजात चढायचं नसतं ते टँगलिनला जर्मन सोडवायलाही जात नाहीत. म्हणजे दोन्ही होतं, एकाच पलटणीत, कदाचित एकाच माणसाच्या डोक्यात दोन्ही. पुढारी म्हणून नंतर सुभेदार डुंडे खान, जमादार चिश्ती खान अशी नावं ठरवली गेली, पण त्या रात्री या लोकांना कुणी पुढारी होता असं काही दिसत नाही.

शहर वाचवलं कोणी

पहिल्या रात्री बंदरात 'कॅडमस' नावाचं एक छोटं इंग्रज लढाऊ जहाज होतं, त्याचे खलाशी उतरवले, व्हॉलंटियर गोळा केले, पोलीस होते. जोहोरचा सुलतान इब्राहिम स्वतः आपली माणसं घेऊन आला. आणि बिनतारी संदेश गेले की आसपास जी कुठली दोस्तांची जहाजं असतील त्यांनी या. 17 तारखेपासून ती येऊ लागली, फ्रेंचांचं 'माँकाल्म', रशियनांचं 'ओरेल', जपान्यांची 'ओतोवा' आणि 'त्सुशिमा'. शिवाय शहरात राहणाऱ्या जपानी नागरिकांतून दोनशेच्या आसपास लोकांना बंदुका देऊन खास पोलीस बनवलं. शेवटी 20 तारखेला रंगूनहून श्रॉपशायर लाइट इन्फंट्री पोचली आणि मग जंगलं पिंजून काढणं वगैरे रीतसर सुरू झालं. चारशेवर लोक पकडले गेले.

म्हणजे बघा, साम्राज्याचं एवढं मोठं बंदर, आणि ते राखायला आले फ्रेंच, रशियन, जपानी आणि एक मलाय सुलतान. इंग्रजांना ही गोष्ट आतून फार झोंबली असणार. जपान तेव्हा 1902 च्या तहाने इंग्रजांचा दोस्त होता. बरोबर 27 वर्षांनी, तारीखसुद्धा तीच, 15 फेब्रुवारी, 1942, याच सिंगापुरात इंग्रज सेनापती पर्सिव्हलने याच जपान्यांपुढे शरणागती लिहून दिली. तारखांच्या योगायोगात मी फारसा रमत नाही पण हा विसरताही येत नाही.

आउट्रमची भिंत

कोर्ट मार्शल 23 फेब्रुवारीला सुरू झालं. दोनशेवर शिपायांवर खटले. 47 जणांना गोळ्या घालून मृत्युदंड, 64 जणांना जन्मठेप-काळं पाणी, 73 जणांना 7 ते 20 वर्षांची सजा. गोळ्या घातल्या त्या तुरुंगाच्या आत नाही. आउट्रम तुरुंगाच्या भिंतीबाहेर, उघड्यावर, लोकांनी बघावं म्हणून. 25 मार्चला एकाच वेळी वीसहून जास्त जणांना उभं केलं, समोर शंभरावर बंदुका, आणि सिपॉय लाइन्सच्या उतारावर पंधरा हजारांची गर्दी. गोळ्या घालणारे बहुतेक व्हॉलंटियर होते, म्हणजे तेच बँकेतले नि कंपन्यांतले बाबू. एका झटक्यात काम झालं नाही.

मी ज्या हॉस्पिटलात रोज जायचो ते त्याच टेकाडावर आहे. खाली आउट्रम पार्कचं मेट्रो स्टेशन. तुरुंग पाडून टाकलाय केव्हाच. टँगलिनच्या बराकीला आता डेम्प्सी हिल म्हणतात, तिथे महागडी रेस्टॉरंट आहेत, भावाने आम्हाला तिथे जेवायला नेलं होतं. जिथे फाटक उघडून बंदुका पुढे केल्या त्या आवारात मी पास्ता खाल्ला, तेव्हा मला काहीही माहीत नव्हतं.

सजा शिपायांपुरती राहिली नाही. शहरातल्या सगळ्या हिंदी लोकांना नोंदणी सक्तीची झाली, बाहेर जायचं तर पास लागायचा. चेट्टी सावकार असो की तमिळ हमाल की शीख वॉचमन, ज्यांचा या बंडाशी काडीचा संबंध नव्हता त्यांनीही रांगेत उभं राहायचं. मुसलमान पुढाऱ्यांनी मार्चमध्ये जाहीर सभा घेऊन आम्ही सरकारशी इमानी आहोत असा ठराव केला, करावाच लागला. आणि ऑगस्टमध्ये सरकारने गोऱ्या ब्रिटिश पुरुषांनाही सैनिकी काम सक्तीचं केलं. परक्याच्या भरवशावर बंदर ठेवायचं नाही, एवढं तरी कळलं.

मग दोष कोणाचा

चौकशी समितीने साक्षी घेतल्या, कर्नल मार्टिनवर ठपका ठेवला, त्याला निवृत्त केलं. अहवाल गुप्त ठेवला. बाहेर जगाला सांगताना इंग्रजांचा सूर असा की पलटणीतल्या बढतीच्या भांडणातून काही डोकी भडकली, बाकी सगळं ठीक आहे. आतल्या कागदांत मात्र गदर, जर्मन, तुर्क, कासिम मन्सूर सगळे आहेत. सोयीचं तेवढं बाहेर, गैरसोयीचं आत.

गदरचा धागा आपल्याकडे येऊन मिळतो म्हणून त्याबद्दल थोडं. गदर पक्ष अमेरिकेतल्या पंजाब्यांनी 1913 मध्ये उभा केला आणि लष्करी छावण्या फोडायचा बेत केला. तारीख ठरली 21 फेब्रुवारी 1915, फितुरी झाल्याचं कळल्यावर ती 19 ला आणली, तरी बेत फसला. या कटातला आपला माणूस म्हणजे विष्णू गणेश पिंगळे, पुण्याजवळच्या तळेगाव ढमढेरेचा, अमेरिकेत इंजिनियरिंग शिकायला गेलेला. रासबिहारी बोसांबरोबर काम करत होता. 23 मार्चला तो मीरतच्या छावणीत बाँबसकट पकडला गेला, म्हणजे सिंगापुरात त्या भिंतीपाशी वीसवर शिपाई उभे राहिले त्याच्या दोनच दिवस आधी. नोव्हेंबरमध्ये लाहोरला कर्तारसिंग सराभाबरोबर त्याला फाशी झाली. रासबिहारी जपानला निसटले आणि पुढे 1943 मध्ये त्यांनी सिंगापुरातच सुभाषबाबूंच्या हाती सूत्रं दिली, ही पुढची गोष्ट.

तर काही लोक म्हणतात की सिंगापूरचं बंड याच कटाचा भाग. मला तसं सरळ वाटत नाही. कटाची तारीख 21, सिंगापूर फुटलं 15 ला, कारण जहाज 16 ला सुटणार होतं. तारीख जहाजाने ठरवली, पक्षाने नाही. पण गदरची हवा बंदरात होती, ती हवा नसती तर बढतीच्या भांडणातून फार तर दोन-चार जणांची मारामारी झाली असती, चारशे माणसं बंदुका घेऊन बाहेर पडली नसती. आणि उलटंही तितकंच खरं, कर्नल बरा असता, ऑफिसर एकमेकांशी बोलत असते, जनरलने परेडला एक शब्द जास्त उच्चारला असता तर नुसत्या हवेने काही झालं नसतं. पठाणांच्या कंपन्या बघा ना. त्याच मशिदी, तोच खलिफा, तेच जर्मन, तीच अफवा. त्या बंडात आल्या नाहीत. बढतीचं भांडण रांघडांचं होतं, त्यांचं नव्हतं.

उरलेल्या पलटणीचं काय करायचं हा प्रश्न होताच. हाँगकाँगला पाठवायची सोय राहिली नव्हती. 3 जुलै 1915 ला 588 शिपाई आणि सात गोरे-हिंदी ऑफिसर सिंगापूरहून निघाले ते आफ्रिकेला, आधी कामेरून आणि मग जर्मन पूर्व आफ्रिका. म्हणजे ज्या समुद्रापारच्या लढाईला नेतील म्हणून फेब्रुवारीत सगळं पेटलं त्याच लढाईला, जर्मनांवर. ते जहाजात चढले आणि लढले. 1922 मध्ये पलटण मोडली.